त्यांचा जंपर, आपला झंपर

परळहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून ते थोडक्यात असं.

ताईंचं घरीच शिवणकाम आहे. चार मशिनी, मदतीला दोघी जणी. लहान मुलींचे खणाचे कपडे ही त्यांची खासियत. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी अमेरिकेतल्या एका मराठी बाईंनी फोनवर निरोप पाठवला: खणाचे जंपर, 40 नग, वय 4 ते 10, गोल गळा. ताईंनी परकरावर घालतात तसे झंपर शिवले. आखूड बाही, कमरेपर्यंत लांबी, पाठीला हुक. माल पाठवायच्या आदल्या दिवशी फोटो धाडले, तेव्हा कळलं की बाईंना टी-शर्टवरून घालायचा, बिनबाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक हवा होता. ऑर्डर रद्द झाली. आगाऊ घेतलेल्या रकमेतली निम्मी ताईंनी परत केली. झंपर कपाटात पडून आहेत. जंपर म्हणजे आपला झंपरच, असं सासूबाईंनी सांगितलं होतं. त्यावरून घरात सगळे त्यांना हसले आणि तेव्हापासून त्यांनी कामात लक्ष घालणंच सोडलं. आता इंग्लंडमधल्या लेस्टरहून एका बाईंकडून खण लावलेल्या 60 जंपरची विचारणा आली आहे. भाचा म्हणतो, गिऱ्हाइकांशी मी बोलतो, मला ऑर्डरच्या रकमेवर दहा टक्के दे. यजमान म्हणतात, परदेशची कामं बंद कर. ताईंच्या मनात दादरच्या इंग्रजी संभाषणाच्या क्लासला नाव घालायचं आहे. "माझं इंग्रजी कच्चं आहे, म्हणून हे झालं. आता काय करू?" असं त्या विचारतात.

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सर्वांत ठाम वाक्य तुमच्या इंग्रजीबद्दलचं आहे, आणि मला तेच पटलेलं नाही. हाच निरोप लंडनमध्ये जन्मलेल्या, उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या एखाद्या शिवणकाम करणाऱ्या बाईला गेला असता तर तिनेही चूक केली असती. तिची चूक वेगळी झाली असती, एवढंच. तिने चाळीस लोकरी स्वेटर विणायला घेतले असते.

जंपर हा शब्दच तसा आहे. इंग्लंडमध्ये जंपर म्हणजे डोक्यातून घालायचा, पुढे बटणं नसलेला, पूर्ण बाह्यांचा स्वेटर. ऑस्ट्रेलियातही स्वेटरच, शिवाय तिथल्या फुटबॉलपटूंचा बिनबाह्यांचा बनियनसारखा पोशाखही जंपर. अमेरिकेत मात्र जंपर म्हणजे ब्लाउज किंवा टी-शर्टवरून घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक. त्या फ्रॉकला इंग्लंडमध्ये पिनाफोर म्हणतात. आपल्याकडे कॉन्व्हेंटच्या मुली युनिफॉर्मला घालतात ते पिनाफोर किंवा ट्युनिक डोळ्यांपुढे आणा, तुमच्या अमेरिकेच्या बाईंना साधारण तेच खणात हवं होतं. आणि महाराष्ट्रात झंपर म्हणजे साडीवरचा किंवा परकरावरचा ब्लाउज. एकाच शब्दाचे हे तीन वेगळे कपडे आहेत आणि तीनही अर्थ आपापल्या जागी बरोबर आहेत.

म्हणून सासूबाईंची बाजू आधी घेते. त्यांनी सांगितलेला अर्थ चुकीचा नव्हता, गावंढळ तर मुळीच नव्हता. इंग्रजीत हा शब्द एकोणिसाव्या शतकात खलाशी आणि मजूर घालायचे त्या ढगळ, जाड्याभरड्या अंगरख्यासाठी होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बायकांच्या सैल ब्लाउजला लावला जाऊ लागला. आपला झंपर त्या अर्थाच्या अगदी शेजारचा आहे. पुढे इंग्लंडमध्ये अर्थ सरकत सरकत स्वेटरवर गेला, अमेरिकेत फ्रॉकवर गेला. आपल्या आज्यांच्या तोंडी मात्र तो ब्लाउजवरच राहिला. आणखी एक गंमत त्यांना जरूर सांगा. या शब्दाचा उडी मारण्याशी संबंध नाही. आखूड कोटाला इंग्रजीत पूर्वी जंप म्हणत. तो शब्द फ्रेंचमधून आणि त्याआधी अरबी जुब्बावरून आला असावा, असं बऱ्याच इंग्रजी कोशांत दिलेलं आहे. त्याच जुब्ब्यावरून आपला झब्बा आला. म्हणजे सासऱ्यांचा झब्बा आणि सासूबाईंचा झंपर बहुधा एकाच घरातले. ज्या बाईला हे नाव पाठ आहे, मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात त्या कडेचा, आकार हाताने काढता येतो, तिला कामाबाहेर बसवून तुमचं नुकसानच होईल.

आता लेस्टर. इथेच मला जास्त काळजी वाटते, कारण तुमच्या पत्रात पुढे एक वाक्य आहे, "आता तरी कळलं, जंपर म्हणजे फ्रॉक." ताई, गेल्या वर्षीचा धडा तसाच गिरवलात तर या वेळी साठ फ्रॉक शिवून बसाल आणि त्या बाई स्वेटरची वाट बघत असतील. शब्दाचा एक अर्थ चुकला म्हणून दुसरा पाठ करायचा, यात सुटका नाही. लेस्टरमध्ये भारतीय घरं पुष्कळ आहेत, त्यामुळे त्या बाईंच्या मनात पिनाफोर आहे, स्वेटर आहे की त्यांच्या आजीचा झंपर, हे इथून कुणीही सांगू शकणार नाही. शक्यता स्वेटरची जास्त आहे. पण शक्यतेवर कात्री चालवायची नसते.

भाच्याचा विचारही इथेच करू. त्याचं इंग्रजी चांगलं असेल, पण त्याने जंपर शब्द शोधला तर आधी त्याला बंद पडलेली गाडी चालू करायच्या जंपर केबल आणि लॅमिंग्टन रोडवर मिळतात त्या रंगीत जंपर वायरी दिसतील. कपड्यांपर्यंत पोचला, तरी बाही आहे का, ताणणारी होजिअरी आहे की कापड, गळ्यातून डोकं जातं का, हे प्रश्न त्याला सुचायचे नाहीत. ते तुम्हाला सुचतात. शिवाय हिशोब बघा. समजा 60 नग, 900 रुपयांनी, म्हणजे 54,000 रुपयांची ऑर्डर. दहा टक्के म्हणजे 5,400. तुम्हाला कापड, मजुरी, टपाल जाऊन पंधरा टक्के सुटत असतील तर 8,100 रुपये. त्यातले दोन तृतीयांश नुसत्या निरोपांना गेले. भाच्याची मदत घ्या, पण टायपिंगपुरती. प्रश्न तुमचे, उत्तरं तुमच्या फोनवर, आणि त्याला ऑर्डरमागे आधी ठरवलेली एक छोटी रक्कम. टक्केच द्यायचे असतील तर ते नफ्यावर ठरवा.

क्लासला जावंसं वाटत असेल तर आनंदाने जा. बोलायची भीड गेली तर ते चांगलंच आहे. पण या कामासाठी म्हणून तीन महिने आणि फी घालणार असाल तर थांबा, कारण कपड्यांचे हे शब्द क्लासमध्ये कुणी शिकवत नाही. पुस्तकात जंपरसमोर एकच अर्थ असतो, आणि बहुतेक वेळा तो इंग्लंडचा.

यजमानांचा सल्ला काळजीपोटी आहे, हे उघड आहे. पण परदेश बंद केल्याने हा प्रश्न संपत नाही, तो मुंबईतही आहेच. दादरची गिऱ्हाईक ड्रेस शिवायला टाकते तेव्हा तिला सलवार-कुडता हवा असतो. वांद्र्याची मुलगी ड्रेस म्हणते तेव्हा एकसंध वनपीस. गाउन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नाइटी येते, लग्नाच्या हॉलमधल्या मुलीला जमिनीवर लोळणारा घेरदार पोशाख हवा असतो. निकर आपल्याकडे मुलाची हाफ पँट, इंग्लंडमध्ये बायकांचा आतला कपडा, अमेरिकेत गुडघ्याखाली आवळलेली ढगळ विजार. पँट्स म्हणजे अमेरिकेत विजार, इंग्लंडमध्ये अंडरवेअर. सस्पेंडर म्हणजे अमेरिकेत विजारीचे खांद्यावरचे पट्टे, इंग्लंडमध्ये बायकांचे मोजे वर धरणारे पट्टे. यातल्या कशाची ऑर्डर तुम्हाला लगेच येणार नाही, म्हणून पुढे जाते. एक वेस्ट तेवढा लक्षात ठेवा, कारण खणाच्या जाकिटांना मागणी असते. इंग्लंडमध्ये वेस्ट म्हणजे आतून घालायचा बनियन. अमेरिकेत वेस्ट म्हणजे शर्टावरचं बिनबाह्यांचं जाकीट, ज्याला इंग्लंडमध्ये वेस्टकोट म्हणतात. अमेरिकेतून कुणी खणाचा वेस्ट मागितला तर जाकीट. इंग्लंडमधून मागितला तर आधी विचारा.

हा घोळ सरकारी कागदांतही दिसतो, आणि तिथे त्याचं उत्तरही आहे. माल परदेशी जातो तेव्हा कपड्याला आकडा द्यावा लागतो, त्याला एचएसएन कोड म्हणतात. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. 61 ने सुरू होणारा कपडा होजिअरीचा, 62 ने सुरू होणारा मागावरच्या कापडाचा. स्वेटर, पुलोव्हर, कार्डिगन 6110 मध्ये येतात. बायकांचे आणि मुलींचे कापडी ब्लाउज 6206 मध्ये. कापडी फ्रॉक आणि स्कर्ट 6204 मध्ये. म्हणजे तुमच्या गोंधळातले तीन जंपर तीन वेगळ्या आकड्यांत बसतात! वेस्ट शब्द 6109 या बनियनच्या आकड्यात आंतरराष्ट्रीय यादीत आहे. अमेरिकेने मात्र आपल्या यादीत 6109 खाली टँक टॉप असं लिहिलं आणि वेस्ट शब्द 6110 मधल्या वेस्टकोटपुढे कंसात टाकला. शब्दावर भरवसा नको म्हणून आकडा, हे कस्टमवाल्यांना फार पूर्वीच कळलं आहे. गिऱ्हाईक दुकानदार असेल तर त्याला एचएसएन विचारा. त्याला तो माहीत असतो, आणि चार आकड्यांत निम्मी शंका फिटते. बिलावर घालायचा पूर्ण आकडा मात्र कस्टम एजंटकडून नक्की करून घ्या, कारण कपड्याच्या बारीक फरकाने तो बदलतो.

होजिअरी शब्द मी मुद्दाम वापरते आहे. आपण मराठीत मागावरचं कापडही विणतो आणि सुयांवरचा स्वेटरही विणतो. "विणलेलं हवं का?" असं भाच्याने विचारलं आणि कुणी हो म्हटलं तर काहीच कळलं नाही. म्हणून ताणलं तर ताणतं ते, टी-शर्टसारखं किंवा स्वेटरसारखं, आणि ताणत नाही ते, खणासारखं किंवा शर्टासारखं, असंच विचारा.

ऑर्डर घेताना नाव शेवटी लिहायचं, आधी आकार. साधा एक कागद करा. वर कपड्याचं सपाट चित्र, पुढून आणि मागून, जमिनीवर पसरून ठेवला तर दिसेल तसं. चित्रकला यायला नको. गळा, मुंढा, बाही, कंबर, घेर आणि उघडायची जागा या सहा गोष्टी दिसल्या की झालं. तुम्ही खडूने कापडावर रोज काढता तेच कागदावर काढायचं आहे. सासूबाईंना बसवा, त्यांचा हात बसलेला आहे. चित्राखाली प्रश्न. हा अंगाला लागून घालतात की दुसऱ्या कपड्यावरून? दुसऱ्यावरून असेल तर कशावरून? डोक्यातून घालायचा की उघडतो, उघडत असेल तर पुढून, पाठीतून की बाजूने? बाही आहे का? खांद्यापासून खाली लांबी किती? यातला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गेल्या वर्षी तो एकच विचारला असतात तरी "टी-शर्टवरून" असं उत्तर आलं असतं आणि तुम्ही तिथेच थांबला असतात.

मापांतही शब्दांसारखेच सापळे आहेत. छाती 28 असं आलं तर ती मुलीची की कपड्याची? तयार कपड्याचा धंदा करणारे पुष्कळदा कपडा पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजतात, तेव्हा 14 म्हणजे गोलाईत 28. आणि 36 म्हणजे इंच की सेंटिमीटर हे लिहिलेलं नसेल तर गृहीत धरू नका. लहान मुलांच्या मापांत दोन्ही शक्य वाटतात. बायकांचे साइजचे आकडे तर सोडूनच द्या. इंग्लंडचा 12 साधारण अमेरिकेचा 8 असतो. "साइज नको, छाती सेंटिमीटरमध्ये सांगा," असं सरळ म्हणायचं. लांबीत आणि छातीत अर्धा इंच इकडे-तिकडे चालेल का, हेही आधीच लिहून घ्या, म्हणजे पाव इंचावरून नंतर वाद होत नाही. तारखेचंही तसंच. 05/08 म्हणजे इंग्लंडमध्ये 5 ऑगस्ट, अमेरिकेत 8 मे. महिना नेहमी अक्षरांत लिहा.

गिऱ्हाईक फोटो पाठवतं तेव्हा विचारा की यातलं नेमकं काय हवं. फोटोत मुलीने आत टी-शर्ट, वर फ्रॉक, खाली लेगिंग घातलेलं असतं, आणि समोरच्याला त्यातला फक्त गळा आवडलेला असतो. फोटोवर बोटाने गोल करून पाठवा आणि उत्तर घ्या.

मग एक नमुना. त्याचे पैसे वेगळे घ्या, संकोच करू नका. ऑर्डर पक्की झाली की ते बिलातून वजा करायची पद्धत आहे. नमुना शिवून जमिनीवर पसरा, शेजारी मोजपट्टी ठेवा, पुढून, मागून आणि आतून असे फोटो काढा. नुसत्या फोटोला "छान" असा अंगठा आला तर तो होकार समजू नका. चित्र, मापं आणि फोटो एकत्र पाठवून "याप्रमाणे 60 नग शिवावेत" असं एक वाक्य त्यांच्याकडून लेखी मिळवा, शक्यतो ईमेलवर. ते मिळेपर्यंत ताग्याला हात लावायचा नाही. गेल्या वर्षी फोटो शिवून झाल्यावर गेले. तेच एका नगानंतर गेले असते तर नुकसान एका झंपराचं झालं असतं.

लेस्टरच्या बाईंना खरोखर स्वेटरच हवा असेल, तर दोन शब्द त्या कामाबद्दल. खण मागावरचा, तो ताणत नाही. त्यामुळे अख्खा स्वेटर खणाचा शिवायचा म्हटलं तर डोकं गळ्यातून जाणार नाही, आणि पाठीला चेन किंवा हुक दिले की तो त्यांच्या दृष्टीने जंपर राहणार नाही. त्यांच्या मनात तयार स्वेटरवर खणाचा तुकडा असेल तर साधे स्वेटर लुधियानाच्या घाऊक बाजारातून, सुती हवे असतील तर तिरुपूरकडून, आणून त्यावर काम करता येईल. पण इथे शिवणीत एक अडचण येते. खालचं होजिअरी ताणतं, वरचा खण ताणत नाही, आणि मशिनीचे दाते खालचं कापड पुढे ओढत राहतात, पाय वरचं अडवतो. शिवून काढलं की तुकड्याभोवती लाटा उठतात, आणि त्या इस्त्रीने जात नाहीत. म्हणून पायाचा दाब कमी करा, 11 नंबरची बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई लावा, टाका अडीच ते तीन मिलिमीटर ठेवा. साधी टोकदार सुई होजिअरीचा धागा तोडते आणि तिथून जाळी सुटते. स्वेटरच्या आतून, तुकड्यापेक्षा अर्धा इंच मोठं पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावून मग शिवा. तुकडा गळ्याच्या आणि कमरेच्या रिबपासून दोन इंच लांब ठेवा, नाहीतर तिथला ताण मारला जातो आणि घालताना टाके तुटतात.

त्याआधी धुऊन बघणं आलं. खण आणि होजिअरी वेगवेगळं आटतात. आठ इंचांचा होजिअरीचा चौकोन, त्यावर चार इंचांचा खण शिवून तीनदा धुवा, सावलीत वाळवा, मोजा. खण आटून मध्ये गोळा झाला तर सगळं खण कापड कापायच्या आधी पाण्यातून काढावं लागेल. रंगासाठी ओल्या पांढऱ्या सुती फडक्याने खण वीसेक वेळा घासा. लाल आणि जांभळ्या खणाचा रंग फडक्यावर आला तर पांढऱ्या स्वेटरवर तो लावूच नका. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो, यावर भरवसा ठेवू नका.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की हे आपलं काम नाही, तर तो निर्णयही चांगलाच आहे. "आम्ही कापडी कपडे शिवतो, होजिअरी नाही, खणाचं जाकीट किंवा पिनाफोर हवं असेल तर जरूर कळवा," असं लिहून मोकळं व्हा. त्यात कमीपणा नाही, आणि गिऱ्हाईकही अशा उत्तराचा मान ठेवतं.

कपडे लहान मुलींचे असतील तर आणखी एक गोष्ट. पाठीला दोरी आणि तिला गोंडे, लटकन, ही आपल्या झंपराची शोभा. पण इंग्लंड आणि युरोपात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्याला गळ्यापाशी किंवा टोपीला दोरी चालत नाही, कारण खेळताना ती घसरगुंडीत किंवा झोक्यात अडकते. अमेरिकेतही मुलांच्या बाहेर घालायच्या कपड्यांच्या गळ्यातल्या नाड्यांवर तशीच बंदी आहे. तिथे जाणाऱ्या मालाला पाठीला बटण किंवा हुकच द्या. हे कुणी सांगत नाही, आणि माल बंदरात अडकल्यावर कळून उपयोग नसतो.

राहिले कपाटातले चाळीस. चूक कुणाची, असं तुम्ही विचारलं आहे. एका ओळीच्या निरोपावर चाळीस नगांची ऑर्डर त्यांनी दिली आणि तुम्ही घेतली, तेव्हा अर्धीअर्धी वाटून घ्या. तुम्ही निम्मी रक्कम परत केलीत, हिशोब तिथेच मिटवा. आता आणखी मागायला किंवा द्यायला जाऊ नका. उलट त्या बाईंना चित्रासकट पिनाफोरचा नमुना दाखवून बघा. त्यांना तो कपडा खरंच हवा होता, आणि यंदाही गणपती आहेतच.

यातल्या काही झंपरांचेच पिनाफोर होतील. सहा वर्षांच्या मुलीचा झंपर घ्या. अंगाची छाती साधारण 24 इंच, तुमचा शिवलेला झंपर 26 असेल. टी-शर्टवरून घालायला 28 हवा. बाजूच्या शिवणीत तुम्ही नेहमीप्रमाणे एक इंच माया (शिवणीच्या आतलं जादा कापड) सोडली असेल तर पाव इंच ठेवून पाऊण इंच सुटतो. दोन बाजू, प्रत्येक बाजूला दोन पदर, म्हणजे एकूण तीन इंच. 28 आरामात होतो. बाह्या उसवा, मुंढा पाऊण इंच खोल करा, कडेला अस्तराची आतली पट्टी लावा. गळा अर्धा इंच मोठा करा, म्हणजे आतल्या टी-शर्टचा गळा दिसेल. झंपर खांद्यापासून 10 इंचांवर कापून त्याखाली 15 इंचांचा घेर जोडा. खणाचा पन्हा (रुंदी) 30 इंच धरला तर 17 इंचांचे दोन तुकडे, दोन इंच दुमड आणि शिवणीत जाऊन, 60 इंचांचा घेर देतात. छातीच्या दुपटीहून जरा जास्त, चुण्या छान पडतात. एका नगाला साधारण 90 सेंटिमीटर कापड. रंग तोच मिळणार नाही, म्हणून मुद्दाम वेगळा घ्या, जांभळ्यावर हिरवा.

एक झंपर उसवून मग बाकीच्यांचं ठरवा. चकाकीच्या खणावर सुईची जुनी भोकं दिसतात. उलट बाजूने वाफेची इस्त्री फिरवूनही ती दिसत राहिली तर त्या रंगाचे झंपर उसवू नका, त्यांना परकर जोडा. वय 8 ते 10 च्या मापांचेही परकरच बरे, कारण तिथे घेराला कापड जास्त जातं आणि मुंबईत शाळांच्या गॅदरिंगला त्याच वयाच्या मुलींसाठी परकर-झंपर शोधत आया फिरत असतात. विकताना परकर-झंपर असंच नाव द्या, पाटीवरही आणि फोनवरच्या फोटोखालीही.

लेस्टरला निरोप या आठवड्यात पाठवा. सासूबाईंकडून तीन चित्रं काढून घ्या: स्वेटरवर खणाचा तुकडा, पिनाफोर आणि झंपर. खाली 1, 2, 3 लिहा आणि विचारा, यातला कोणता? त्यांचा आकडा येईपर्यंत खणाचा तागा तसाच गुंडाळलेला राहू दे.